पन्नाशीत पुन्हा पाटी हाती घ्या!

‘काका, ॲडमिशन कुणाची? मुलाची की मुलीची?’ शहरातल्या एका खासगी संगणक क्लासच्या काउंटरवर बसलेल्या मुलीने विचारले. ‘माझी’ असे मी म्हणालो तेव्हा ती क्षणभर गोंधळली. मग हसून म्हणाली, ‘काका, बेसिकचा क्लास खालच्या मजल्यावर आहे. इथे कोडिंग शिकवतात.’ तिच्या बोलण्यात अपमान करण्याचा हेतू नव्हता. तरीही चौपन्न वर्षांच्या माणसाचे कान तापले. बाजूच्या खुर्च्यांवरची विशी-बाविशीतली पोरे वळून पाहू लागली. भिंतीवरच्या फलकावर फी पाऊण लाख रुपये आणि नोकरीची हमी असे ठळक अक्षरात लिहिले होते. मी माहितीपत्रकाची घडी करून खिशात घातली आणि जिना उतरलो.

त्या मुलीवर राग धरण्याचे कारण नाही. जिना उतरताना माझ्या मनात जो विचार आला तो तिच्या प्रश्नापेक्षा अधिक घातक होता. ‘खरेच, हे आपले काम आहे काय?’ वाचकहो, हा विचार आपल्या समाजाला नवा नाही. ‘हे तुमचे काम नव्हे’ हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी शाळेच्या दारात उभे राहून ऐकले आहे. तेव्हा ते दुसरा कोणीतरी सांगत होता. आज आपणच आपल्याला सांगतो आहोत आणि कारण म्हणून वय पुढे करतो आहोत. वय झाले, आता डोळे साथ देत नाहीत, आता पोरांनी शिकावे. या सबबीची एकदा नीट उलटतपासणी झाली पाहिजे, म्हणून हा लेख.

आपला आणि यंत्राचा इतिहास आठवून पाहा. साठ-सत्तरच्या दशकात आपली पहिली पिढी कचेरीत शिरली ती टाइपरायटरच्या जोरावर. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द. या दोन प्रमाणपत्रांसाठी वस्तीतल्या पोरांनी सकाळ-संध्याकाळ टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या झिजवल्या. पुढे कचेऱ्यांमध्ये संगणक आला. टाइपरायटर अडगळीत गेले आणि ज्यांची बोटे त्यावर तयार झाली होती ते भांबावले. मग एमएस-सीआयटी आले. शासकीय नोकरीसाठी ते आवश्यक झाले म्हणून आपण तेही केले. फाइल उघडायला शिकलो, तक्ता भरायला शिकलो, प्रिंट काढायला शिकलो. आज मोबाइलवरून वीजबिल भरतो, तिकीट काढतो. म्हणजे यंत्र वापरण्यात आपण मागे राहिलो नाही. पण वापरणे वेगळे आणि यंत्राला काम सांगणे वेगळे. बटण दाबणारे आपण झालो. त्या बटणामागे काय घडते, ते कोण ठरवतो, हे विचारणारे मात्र आपल्यात फार थोडे निघाले. जे निघाले ते तरुण होते. आपण पन्नाशीतल्यांनी तो विषय आपला मानलाच नाही.

कोड म्हणजे तरी काय? यंत्राला द्यायच्या सूचना, त्याला कळेल अशा भाषेत, एकाखाली एक लिहिलेल्या. अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर. शंभर नावे आहेत, तर शंभर वेळा हेच कर. एवढ्यावर या विद्येचा पाया उभा आहे. आता मला सांगा, आपल्या कर्मचारी संघटनांमध्ये तीस-तीस वर्षे काम केलेल्या कार्यकर्त्यांना हे नवीन आहे काय? बिंदुनामावली म्हणजे दुसरे काय असते? संवर्गातल्या प्रत्येक पदाला बिंदू, प्रत्येक बिंदूला प्रवर्ग. पद रिकामे झाले तर ते कोणत्या बिंदूवरचे होते ते पाहा. तो बिंदू अनुसूचित जातीचा असेल तर ते पद त्याच प्रवर्गातून भरा. १९९५ च्या सभरवाल खटल्यातील निकालानंतर पदांवर आधारित बिंदुनामावलीचा हा हिशेब आपल्या संघटनांनी तोंडपाठ केला. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, हे आकडे पदांच्या यादीत कसे उतरतात आणि कुठे गळतात, हे आपला कार्यकर्ता झोपेतही सांगेल. हा ‘जर-तर’चा विचार म्हणजेच कोडचा विचार. तो आपल्याला येतोच. येत नाही ती फक्त ती भाषा.

मग प्रश्न राहतो वयाचा. वयाचे उत्तर द्यायचे तर अमेरिकेतल्या एका स्त्रीची कहाणी सांगितली पाहिजे. तिचे नाव डोरोथी व्हॉन. जन्म १९१०, कृष्णवर्णीय कुटुंबातला. विल्बरफोर्स विद्यापीठातून १९२९ मध्ये गणिताची पदवी घेऊन ती व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावच्या मोटन हायस्कूलमध्ये शिक्षिका झाली. ही शाळा फक्त काळ्या मुलांची होती. याच शाळेतल्या विद्यार्थ्यांनी पुढे १९५१ मध्ये दुजाभावाविरुद्ध संप पुकारला आणि त्यांचा खटला शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ऐतिहासिक निकालाचा भाग झाला. गणिताची ही पदवीधर शिक्षिका १९४३ च्या उन्हाळी सुट्टीत संसाराला हातभार लावण्यासाठी लष्करी छावणीच्या धुलाईखान्यात काम करीत होती. पात्रता असून वाट्याला काय येते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

त्या वर्षअखेरीस डोरोथी लँगली येथील विमानविद्येच्या सरकारी प्रयोगशाळेत रुजू झाली. महायुद्धाच्या काळात १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढला होता. काळ्या कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला तेव्हा कुठे तो आदेश निघाला. त्या आदेशाने दार किलकिले झाले. पण आत गेल्यावर काय? ‘कॉम्प्युटर’ हा शब्द तेव्हा यंत्राचा नव्हता, माणसाच्या हुद्द्याचा होता. हाताने आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांना कॉम्प्युटर म्हणत. गोऱ्या कॉम्प्युटर वेगळ्या, काळ्या कॉम्प्युटर वेगळ्या. काळ्यांचा विभाग पश्चिमेकडच्या इमारतीत, त्यांचे स्वच्छतागृह निराळे, भोजनगृहातले टेबल निराळे. डोरोथी १९४९ मध्ये या विभागाची प्रमुख झाली. त्या संस्थेत विभागप्रमुखपदी बसलेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती.

१९५८ मध्ये त्या संस्थेची नासा झाली. काळ्यांचा वेगळा विभाग बंद झाला. ही आनंदाची गोष्ट होती, पण त्याच वेळी हाताच्या आकडेमोडीचे दिवसही भरले होते. खोलीभर पसरलेली विद्युत यंत्रे तीच आकडेमोड फार कमी वेळात करू लागली होती. डोरोथी अठ्ठेचाळीस वर्षांची झाली होती. सहा मुलांची आई. पंधरा वर्षे ज्या कामात हातखंडा मिळवला ते काम डोळ्यांदेखत यंत्राकडे चालले होते. अशा वेळी कोणीही म्हणाले असते, वय झाले, आता निभावून नेऊ. डोरोथी तसे म्हणाली नाही. फोरट्रान नावाची यंत्राची भाषा १९५७ मध्ये नुकतीच बाजारात आली होती. ती तिने स्वतः शिकून घेतली. ती एवढ्यावर थांबली नाही. आपल्या हाताखालच्या स्त्रियांनाही तिने ती शिकवली, कारण यंत्र आले तर सर्वांत आधी कोणाची गरज संपेल हे ती ओळखून होती. पुढे स्काउट या अग्निबाणाच्या कार्यक्रमात तिने काम केले आणि १९७१ मध्ये ती निवृत्त झाली.

या कहाणीचा गोड शेवट सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेगळा विभाग बंद झाल्यावर डोरोथीला पुन्हा कधीही प्रमुखपद मिळाले नाही. तिची इच्छा होती, लायकी होती, तरी मिळाले नाही. जगाला तिचे नाव कळले ते २०१६ मध्ये, मार्गो ली शेटरली यांच्या ‘हिडन फिगर्स’ या पुस्तकामुळे आणि त्यावरच्या चित्रपटामुळे. २००८ मध्ये ती वारली होती. अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक तिला जाहीर झाले ते २०१९ मध्ये, मरणोत्तर. तात्पर्य, नवी विद्या शिकली म्हणून अन्याय आपोआप संपत नाही. पण शिकली नसती तर ती आणि तिच्याबरोबरच्या स्त्रिया त्या इमारतीतून निमूट बाहेर पडल्या असत्या. त्या बाहेर पडल्या नाहीत.

डोरोथी गणिताची पदवीधर होती, आमचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी जपानच्या मासाको वाकामिया यांचे उदाहरण आहे. या बाई बँकेत नोकरीला होत्या. साठीच्या आसपास त्यांनी पहिला संगणक घेतला. मोबाइलवरचे सगळे खेळ तरुणांच्या चपळ बोटांसाठी बनवलेले असतात, म्हाताऱ्या माणसांना जिंकता येईल असा एखादा खेळ बनवा, असे त्या तरुणांना सांगत राहिल्या. कोणी बनवला नाही. मग त्यांनी स्वतःच स्विफ्ट नावाची भाषा शिकून बाहुल्यांची पारंपरिक मांडणी योग्य जागी लावण्याचा खेळ तयार केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. इथे नीट लक्ष द्या. बाईंपाशी तरुणांइतके तांत्रिक ज्ञान नव्हते. पण म्हाताऱ्या माणसाची अडचण काय असते, हे त्यांना तरुणांपेक्षा जास्त कळत होते. गरज ज्याला कळते त्यानेच साधन बनवले तर ते नेमके बनते.

आता माझ्याविषयी. क्लासचा जिना उतरून घरी आलो आणि मुलीला सांगितले. ती म्हणाली, ‘पप्पा, क्लास कशाला? मी आहे ना.’ पायथन नावाची एक भाषा आहे. ती फुकट मिळते. ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने ती तयार केली, १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आली. पहिल्या दिवशी मी तीन ओळी लिहिल्या आणि तीनदा चुकलो. एकदा कंस मिटवायचा राहिला, एकदा अवतरणचिन्ह विसरलो, एकदा ओळ जिथून सुरू व्हायला हवी तिथून झाली नाही. पडद्यावर दर वेळी लाल अक्षरात इंग्रजी मजकूर येई आणि माझा हात माउसवरून उडे. साहेबाने फाइल अंगावर फेकावी तसे वाटे. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, ते ओरडत नाही. कितव्या ओळीत चुकलं ते सांगतंय.’ खरेच, तिथे ओळीचा क्रमांक लिहिलेला होता. आयुष्यभर चूक म्हणजे मेमो एवढेच आपल्याला ठाऊक. पहिले पंधरा दिवस माझे शिक्षण झाले ते एवढेच, की चूक दिसली की घाबरायचे नाही, वाचायची.

काल शिकलेले आज आठवत नाही, हा पन्नाशीचा अनुभव मलाही आला. त्यावर उपाय जुनाच होता, वही. दोनशे पानी वहीत रोज जे केले ते मराठीत लिहून काढले. एक दिवस सहज गंमत म्हणून यंत्राला देवनागरीत नाव दिले. ‘वय’ हा शब्दच खूण म्हणून वापरला आणि तो चालला! अवतरणचिन्हात ‘५४’ असा देवनागरी आकडा देऊन त्याची संख्या कर म्हटले, तर ती त्याने केली. पायथनचे आज्ञांचे शब्द इंग्रजी आहेत हे खरे. ते मोजून तीसपस्तीस. पण आपण ठेवायची नावे मराठी चालतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत न गेलेल्या माणसाचा अर्धा धसका तिथेच जातो.

दोन महिन्यांनंतर मी ठरवले की बिंदुनामावली तपासणारा छोटासा प्रोग्राम लिहायचा. आमच्या संवर्गात शंभरापेक्षा बरीच कमी पदे. शंभर बिंदूंची यादी दिली, भरलेली पदे दिली, आणि विचारले, अनुसूचित जातीची पदे किती व्हायला हवीत? उत्तर आले. माझ्या हाताने केलेल्या हिशेबापेक्षा एक कमी! तासभर मी माझाच हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. यंत्र चुकत नाही असे आपल्याला सांगितलेले असते ना! मुलीने प्रोग्राम वाचला. तिला त्यात काही खोट दिसली नाही. यंत्रानेही लाल अक्षरे दाखवली नव्हती. शेवटी मी एकेक बिंदू छापून पाहिला आणि सापडले. पायथन मोजायला सुरुवात शून्यापासून करतो. आपला पहिला बिंदू त्याच्या लेखी शून्यावर असतो. मी एकपासून मोजायला सांगितले होते, म्हणून पहिला बिंदूच गळाला आणि सगळी यादी एका घराने सरकली. आमच्या नोंदवहीतला पहिला बिंदू अनुसूचित जातीचा होता.

वाचकहो, या एका चुकीने मला जे शिकवले ते कुठल्याही क्लासने शिकवले नसते. व्याकरण चुकले तर यंत्र बोलते. अन्याय झाला तर यंत्र गप्प राहते. त्याला तो कळत नाही. माझ्या मुलीला कोड येत होता, पण पहिला बिंदू कोणाचा हे तिला माहीत नव्हते, म्हणून तिच्या डोळ्यांना ती चूक दिसली नाही. मला नियम पाठ होता म्हणून मला संशय आला आणि थोडाफार कोड येऊ लागला होता म्हणून चूक शोधता आली. एकट्या तिच्याने हे झाले नसते, दोन महिन्यांपूर्वीच्या माझ्यानेही झाले नसते. इथे हेतू वाईट नव्हता. लिहिणारा मीच होतो, आपल्याच समाजाचा. तरी एक जागा गेली होती. मग ज्याला बिंदुनामावली म्हणजे काय हेच माहीत नाही, अशा कोणी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये काय काय सरकत असेल?

आज शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, रेशनच्या दुकानात अंगठ्याचे यंत्र, भरतीची परीक्षा संगणकावर, पेन्शनधारकाचा हयातीचा दाखलाही डिजिटल. ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य आपल्या वस्तीत रोज ऐकू येते. पूर्वी ‘साहेब नाहीत’ असे उत्तर मिळे. साहेब कधीतरी परत येत, त्यांना घेराव घालता येई. सिस्टीमला घेराव कसा घालणार? पण सिस्टीमही कोणीतरी लिहिलेली असते. तिच्यात कोणता नियम घातला, उत्पन्नाची मर्यादा बरोबर धरली काय, नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे झाले तर अर्ज का फेटाळला, हे नेमके विचारता आले पाहिजे. ‘अन्याय झाला’ एवढे निवेदन आता पुरत नाही. ‘अमुक अटीत तमुक प्रकरण बसवलेले नाही’ असे लिहिता आले तर समोरच्याला उत्तर द्यावे लागते. असे निवेदन लिहायला नियमही माहीत हवा आणि सिस्टीम कशी विचार करते हेही माहीत हवे. नियम जाणणारी माणसे आपल्याकडे पन्नाशीतली आहेत. म्हणूनच त्यांनी शिकले पाहिजे.

यावर एक नवे उत्तर हल्ली ऐकू येते. ‘आता एआय आले. तेच कोड लिहून देते. मग शिकायचे कशाला?’ एआय कोड लिहून देते हे खरे आहे, मीही त्याची मदत घेतो. पण आपल्या आजोबांची आठवण काढा. सावकाराचा कारकून दस्तऐवज सुरेख अक्षरात लिहून द्यायचा. आजोबांना लिहायची तसदी पडत नसे. त्यांनी फक्त अंगठा द्यायचा. त्या सुरेख अक्षरांत कोणाकोणाच्या जमिनी गेल्या ते आपल्याला ठाऊक आहे. लिहून देणारा मिळाला म्हणून वाचता येण्याची गरज संपत नाही. उलट वाढते. शून्य आणि एकची माझी चूक एआयही करू शकते आणि तितक्याच आत्मविश्वासाने करते. ती वाचून ओळखता यावी एवढे तरी शिकलेच पाहिजे.

मात्र खोटी आशा दाखवणे हे चळवळीचे काम नाही. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पन्नाशीत कोडिंग शिकून लगेच कंपनीत मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्या क्षेत्रात तरुणांनाच आज घाम फुटतो आहे. आणि ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढून किंवा कर्ज काढून फी भरू नका. ज्ञान फुकट उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात संगणकाचे कितीतरी पाठ मराठीतून ऐकायला मिळतात. केंद्र सरकारच्या स्वयम या मंचावर अभ्यासक्रमात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. जुना लॅपटॉप पुरतो. सुरुवात तर मोबाइलवरही करता येते. लागतो तो रोजचा एक तास आणि आपल्याच लेकरांसमोर चुकण्याची तयारी. या दोन्हींत दुसरी अधिक अवघड आहे.

उशिरा शिकण्याची लाज वाटणाऱ्यांनी आपला वारसा आठवावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबून रात्री पाटी घेऊन बसणारे ते विद्यार्थी लहान मुले नव्हते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. आणि स्वतः बाबासाहेब? शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केले. उत्तरायुष्यात, प्रकृती साथ देत नसताना, पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करायला बसले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड उघडून पाहा. देशाची घटना लिहिण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा, त्यांनी शब्दामागून शब्द लावत एका भाषेची मुळाक्षरे गिरवली. मग पायथनचे तीसपस्तीस शब्द आपल्याला जड का व्हावेत?

आता करायचे काय? वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांमध्ये ग्रंथवाचन होते. माणसे जमतात, सतरंजी अंथरलेली असते, वीज असते. त्याच सभागृहात रविवारी दोन तास एक लॅपटॉप ठेवा. भोवती पाच जण बसा, जास्त नकोत. वस्तीतल्या इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरा-पोरींपैकी एकाला शिकवायला बसवा. ज्या पोरांना समाजाने पै-पै जमवून शिकवले, त्यांनी आपल्या काका-मावशींसाठी दोन तास द्यायला हरकत नसावी. पहिल्या दिवसापासून काम आपले घ्या. महिला बचत गटाचा हप्ता आणि व्याजाचा हिशेब, विहाराच्या देणगी पावत्यांची बेरीज, वाचनालयातल्या पुस्तकांची यादी, शिष्यवृत्ती अडकलेल्या विद्यार्थ्यांची नोंद. पुस्तकातली परकी उदाहरणे गिरवत बसलात तर महिनाभरात कंटाळा येईल. स्वतःचा हिशेब जुळला की पुढचे शिकावेसे वाटते.

आणि एक विनंती. या पाच जणांत निदान तीन स्त्रिया असू द्या. बचत गटाची वही वर्षानुवर्षे सांभाळणारी ताई, अंगणवाडीची रजिस्टरे भरणारी मावशी, यांच्याइतकी नोंदींची शिस्त आपल्या कितीतरी साहेबांना नाही. त्यांना ‘तुला काय कळतंय त्यातलं’ असे घरात जो कोणी म्हणेल, तो त्या शाळेच्या दारातलेच वाक्य पुन्हा म्हणतो आहे, हे त्याला तिथल्या तिथे सुनवा.

माझा बिंदुनामावलीचा प्रोग्राम आता बरोबर उत्तर देतो. त्यात फार हुशारी नाही, जेमतेम तीसेक ओळी. गेल्या महिन्यात संघटनेच्या बैठकीत तो दाखवला. सेवानिवृत्तीला सहा महिने राहिलेले एक ज्येष्ठ सहकारी शेवटपर्यंत गप्प बसून होते. सगळे उठल्यावर जवळ आले, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, ‘दादा, मला पहिल्या ओळीपासून दाखवाल का?’ आम्ही पुन्हा खुर्च्या ओढल्या. पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केली. कंस मिटवायचा राहिला. पडद्यावर लाल अक्षरे आली आणि त्यांचा हात मागे गेला. मी म्हणालो, ‘घाबरू नका, ते ओरडत नाही. कितवी ओळ म्हणतंय ते वाचा.’ त्यांनी वाचले, कंस मिटवला आणि ओळ चालली.

तुमच्या वस्तीतही असा एक जण चष्मा पुसत बसला असेल. कदाचित तो तुम्हीच असाल. पाटी कोरी आहे, कोणाच्या परवानगीची गरज नाही. या रविवारी सुरुवात करा. जयभीम!